चौदा गावं, आठ रात्री

इटलीला जायचं, एअरपोर्टवर भाड्याची गाडी घ्यायची, काचा खाली करायच्या आणि मनाला येईल त्या गावात थांबायचं... कसलं कूल वाटतं ना ऐकायला? मलाही वाटलं होतं. प्रत्यक्षात गेल्या तीन आठवड्यांत आम्हा नवरा-बायकोत जेवढी भांडणं झाली, ती सगळी गावांवरून झाली. तीसुद्धा आम्ही दोघांनीही अजून न बघितलेल्या गावांवरून!

लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. तिचं नाव ‘इटली फायनल’. तिच्यानंतर ‘इटली फायनल २’ आली, मग ‘इटली खरंच फायनल’. पहिल्या शीटमध्ये चौदा नावं होती. मिलान, कोमो, व्हेनिस, व्हेरोना, बोलोन्या, मारानेल्लो, पिसा, चिंक्वे तेर्रे, फ्लोरेन्स, सान जिमिन्यानो, सिएना, रोम, नेपल्स आणि पोझितानो. यातलं चिंक्वे तेर्रे म्हणजे एकटीच पाच गावं आहेत, हे आम्हाला नंतर कळलं.

नवरा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत प्रॉडक्शन बघतो. मोठ्या मुश्किलीनं दहा दिवसांची रजा मिळाली. मी फ्रीलान्सर. मला रजा मागायला कुणी नाही, पण काम केलं नाही तर पैसेही नाहीत. दोघांच्या नावावर दोन वर्षं भरलेली आरडी यंदा मॅच्युअर झाली आणि आम्ही ठरवलं, बास, आता गोवा नाही. दहा दिवसांतले दोन विमानात जाणार. म्हणजे हातात रात्री किती? आठ.

चौदा गावं आणि आठ रात्री. गणितात कच्च्या माणसालाही इथली गडबड दिसेल. आम्हाला दिसली नाही.

पुण्याला जाऊन येतोच की!

चूक कोल्हापूरची होती, असं मी आता म्हणते. नवऱ्याच्या डोक्यात अंतर मोजायचं एकच माप आहे, ‘कोल्हापूर-पुणं’. साधारण २३० किलोमीटर. सकाळी निघायचं, पुण्यात दोन कामं उरकायची, येताना कराडजवळ चहा, रात्री जेवायला घरी. त्यामुळे नकाशात सिएना ते रोम तेवढंच अंतर दिसल्यावर साहेब खूश. ‘एका दिवसात दोन गावं आरामात होत्यात. तिथलं रस्ते तर लोण्यासारखं!’

रस्ते चांगले आहेत, मान्य. तिथल्या ऑटोस्त्रादावर ताशी १३० ची मर्यादा असते. अडचण गाव आल्यावर सुरू होते. मी पत्रकार ना, चार दिवस बसून होमवर्क केला. इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यभागी ‘झेडटीएल’ नावाचा प्रकार असतो. परवाना नसलेली गाडी ठरलेल्या वेळेत आत नेली की कॅमेरा नंबर टिपतो. दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं, वर गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपनीचं सेवाशुल्क वेगळं. नवऱ्याला एका वाक्यात समजावलं, ‘दिवाळीच्या आदल्या रविवारी महाद्वार रोडला गाडी घालशील का?’ त्यानं कानाला हात लावले.

व्हेनिसमध्ये तर गाडी चालतच नाही, शहराच्या तोंडाशी पार्किंगमध्ये ठेवायची. चिंक्वे तेर्रेच्या गावांत फिरायला ट्रेनच बरी. सान जिमिन्यानोला गाडी तटबंदीबाहेर. मग कार घेऊन मिळवायचं काय? उत्तर असं की गाडीची मजा गावात नाही, दोन गावांच्या मध्ये आहे. तोस्कानाच्या टेकड्या, द्राक्षमळे, कुठंतरी थांबून खाल्लेलं सँडविच. पण रोज दोन गावं करायची म्हटलं, तर त्या मधल्या रस्त्यावर थांबायला वेळच उरत नाही. शिवाय दर मुक्कामाला बॅग भरा, चेक-आउट करा, पार्किंग शोधा, पुन्हा चेक-इन. प्रत्येक हॉटेल बदलताना अर्धा दिवस जातो, हे धरून चाला.

आणि ‘मनाला येईल तिथं थांबू’ हे स्वप्न तर व्हिसाच्या फॉर्मनंच मोडलं. शेंगेन व्हिसाला कुठली रात्र कुठं काढणार, त्याची बुकिंगं जोडावी लागतात. थोडक्यात, भटकंती कशी करणार ते आधी लिहून द्यायचं!

कुणाचं नाव खोडायचं?

आमचा नियम ठरला. जास्तीत जास्त चार मुक्काम. बाकीची दहा नावं खोडायची.

पहिली काही सहज गेली. व्हेनिस गेलं, कारण ते ड्रायव्हिंगच्या ट्रिपमध्ये बसतच नव्हतं. पिसा गेलं, कारण झुकत्या मनोऱ्याला हातानं टेकू देतानाचा फोटो सोडला तर तिथं काय करायचं हे दोघांनाही सांगता येईना. कोमो, व्हेरोना, बोलोन्या, नेपल्स, चिंक्वे तेर्रे... डिलीट, डिलीट, डिलीट. मिलानला फक्त उतरायचं. सान जिमिन्यानोचे मध्ययुगातले उंच बुरूज, त्यातले चौदा अजून उभे आहेत, ते सिएनाला जाताना वाटेत बघायचे.

सिएनावर मात्र एकमत. तिथल्या मुख्य चौकात दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला ‘पालिओ’ नावाची घोड्यांची शर्यत होते. शहरात सतरा पेठा. त्यांना ते ‘कोंत्रादा’ म्हणतात. प्रत्येकीचा झेंडा वेगळा, शेजारच्या पेठेशी पिढ्यान्‌पिढ्यांची खुन्नस वेगळी. स्वार पडला तरी घोडा पहिला आला की पेठ जिंकली. हे वाचून दाखवलं तर नवरा म्हणाला, ‘आयला, हे तर आपल्या तालमींसारखंच झालं!’ शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच बघितलेल्या माणसाला सिएना समजावून सांगावं लागत नाही. शर्यत आम्हाला मिळणार नाही, आम्ही ऑक्टोबरात जाणार. पण पेठा तर बघू.

रोमवरून परतीचं विमान, म्हणून रोम राहणारच. उरलं काय? माझं पोझितानो आणि त्याचं मारानेल्लो.

पोझितानो तुम्ही बघितलंय. नाव माहीत नसेल, पण फोटो नक्की बघितलाय. समुद्राच्या वर कड्याला चिकटलेली गुलाबी-पिवळी घरं. तो फोटो दोन वर्षं माझ्या फोनचा वॉलपेपर आहे. मारानेल्लो म्हणजे फेरारीचं गाव. तिथं म्युझियम आहे, कारखाना आहे. मी म्हटलं, ‘इटलीला जाऊन कारखाना बघायचा? रोज काय बघतोस मग?’ तो म्हणाला, ‘म्हणूनच तर बघायचाय.’ त्यावर मी जे बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. दोन दिवस आमच्यात फक्त गॅस सिलिंडर आणि कचरागाडी या विषयांवर बोलणं झालं.

बाबांनी विचारलं, ‘किती वेळ?’

रविवारी शिवाजी पेठेत बाबांकडं जेवायला गेलो. बाबा हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. रिटायर झाल्यावर आई आणि ते युरोपच्या ग्रुप टूरला जाणार होते. मे २०२० चं बुकिंग होतं. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २०२१ मध्ये आई गेली. बाबांचा पासपोर्ट कपाटात आहे. अजून मुदत असलेला आणि एकही शिक्का नसलेला.

जेवताना बाबांनी सहज विचारलं, ‘फ्लोरेन्सला किती वेळ?’

‘एकच दिवस. सकाळी उफित्सी, दुपारी मायकेलअँजेलोचा डेव्हिड, संध्याकाळी पुढं.’

‘बरोबर आहे. बघण्यासारखं पुष्कळ आहे,’ असं म्हणून ते ताक आणायला आत गेले.

परत येताना नवरा गाडीत म्हणाला, ‘बाबांनी फ्लोरेन्सचंच का विचारलं गं?’ आणि मला एकदम लाज वाटली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, आणि तीन आठवड्यांत ती मला आठवली नव्हती!

कोल्हापुरात राजाराम कॉलेज आहे. बाबा तिथंच शिकले. ते ज्यांच्या नावानं आहे ते छत्रपती राजाराम महाराज, राजर्षी शाहू महाराजांच्या आधीचे. १८७० मध्ये ते इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा वय होतं वीस. प्रवासात ते डायरी लिहायचे. ती नंतर, १८७२ मध्ये, छापून आली. परतीच्या वाटेवर फ्लोरेन्समध्ये ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथंच गेले. त्या वेळी फ्लोरेन्स इटलीची राजधानी होती. दहनाची चाल तिथं नव्हती, खास परवानगी काढावी लागली. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, काशिने नावाच्या मोठ्या बागेच्या टोकाला त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली आणि तिच्याखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. छत्रीचं डिझाइन चार्ल्स मँटचं. आपला न्यू पॅलेसही त्याचाच. १९७८ मध्ये जवळच आर्नोवर नवा पूल झाला, त्याला नाव पडलं ‘पोंते आल्लिंदियानो’. त्या भारतीयाजवळचा पूल!

बाबा दरवर्षी ही गोष्ट वर्गात सांगायचे. ग्रुप टूर बुक करताना त्यांनी विचारलंही होतं, ‘तुमची बस काशिनेला थांबेल का?’ थांबणार नव्हती. तरी आई म्हणाली होती, आपण दोघं टॅक्सी करून जाऊ.

‘इटली फायनल ५’

त्या रात्री उशिरा लॅपटॉप उघडला, तर नवी शीट होती. ‘इटली फायनल ५’. फ्लोरेन्सला एकाऐवजी तीन रात्री. शेरा या रकान्यात लिहिलेलं, ‘काशिने – बाबा’. आणि मारानेल्लो नव्हतं. पोझितानो होतं तसंच होतं. नवरा मला न सांगता झोपून गेला होता.

मी बराच वेळ त्या शीटकडं बघत बसले. मग पहिल्यांदाच गावांची नावं सोडून नुसता नकाशा उघडला. मिलानहून फ्लोरेन्सला निघालं की मोदेनापासून मारानेल्लो अठरा-वीस किलोमीटरवर. म्हणजे जवळजवळ वाटेतच! आणि माझं पोझितानो रोमच्या खाली सुमारे २७० किलोमीटर. विमान रोमहून, त्यामुळे जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. दोन रात्री नुसत्या त्यात. तीन आठवडे मी नकाशा बघत होते असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी वॉलपेपर बघत होते.

आणखी एक गोष्ट वाचली. फेरारीची इंजिनं ओतायची फौंड्री मारानेल्लोतच आहे, कंपनीची स्वतःची. रोज अंगावर भट्टीची धग घेऊन घरी येणाऱ्या माणसाला जगातल्या सगळ्यात भारी इंजिनाचं गाव बघायचंय. यात हसण्यासारखं काय होतं? मी सकाळी मारानेल्लो परत टाइप केलं आणि पोझितानो खोडलं. चहा घेताना नवऱ्यानं शीट बघितली. काही बोलला नाही. कप मात्र स्वतः धुतला. आमच्याकडं याला तह म्हणतात.

आता प्लॅन असा आहे. मोदेना एक रात्र, फ्लोरेन्स तीन, सिएना दोन, रोम दोन. फ्लोरेन्सला गाडी शहराबाहेर महामार्गालगतच्या व्हिला कोस्तांझा पार्किंगमध्ये ठेवायची आणि तिथूनच ट्राम धरायची. रोमला एअरपोर्टवर गाडी परत करून मगच शहरात शिरायचं. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढायचं, ते एक वर्ष चालतं.

हे सगळं सांगायला बाबांना फोन केला. म्हटलं, ‘काशिनेला एक अख्खी सकाळ ठेवलीय.’ पलीकडं शांतता. मग मी तीन आठवडे न विचारलेलं विचारलं, ‘बाबा, तुम्हीच चला ना. मागची सीट रिकामीच आहे.’

‘छे छे. तुम्हा दोघांच्यात मी कशाला? आणि माझ्यानं आता तेवढं चालवत नाही. तुम्ही जाऊन या. महाराजांना सांगा, पंचगंगा बरी आहे म्हणावं.’

मी फार आग्रह केला नाही. बाबांना आग्रह केला की ते हटून बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच त्यांचा फोन.

‘ट्रामच्या स्टॉपपासून त्या छत्रीपर्यंत चालायला किती आहे गं?’

‘बाग लांबलचक आहे बाबा. तीन-साडेतीन किलोमीटर धरा.’

‘हात्तिच्या! म्हणजे रंकाळ्याची एक फेरीच की. ती मी रोज मारतो.’

मी काही बोलले नाही. फोन कानाशी तसाच धरून लॅपटॉप ओढला आणि शीट उघडली. वरच्या कोपऱ्यात ‘प्रवासी’ असा रकाना आहे. तिथं २ होते, ते खोडून ३ केले. शीटला नाव दिलं, ‘इटली फायनल ६’.

‘बाबा,’ मी म्हटलं, ‘कपाटातला तो पासपोर्ट जरा काढून ठेवा. आणि व्हिसासाठी दोन फोटो लागतील.’

‘काढून आणलेत कालच,’ बाबा म्हणाले.