चार पोहरे, एकच आड

बेटांवरच्या निसर्गसंरक्षणाला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न सुटला आहे असं मी बरीच वर्षं मनापासून मानत होते. मी तसं लिहीत होते आणि माझे अहवाल वाचून लोक निर्णय घेत होते, म्हणून ते कुठे चुकलं हे सांगणं माझं कर्तव्य आहे.

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. मुंबईत एका सल्लागार कंपनीत असताना छोट्या बेट-देशांतल्या संरक्षण संस्थांचे आर्थिक आराखडे करण्याचं काम माझ्याकडे आलं. परदेशी देणग्या आटल्या तरी पहारेकऱ्यांचे पगार आणि बोटींचं डिझेल चालू राहावं, संस्था स्वतःच्या उत्पन्नावर जगावी, यासाठी ते आराखडे असायचे.

माझ्यापुढचा आदर्श सेशेल्सचा होता. तिथल्या प्रालँ बेटावर व्हॅले द मे नावाचं ताडांचं प्राचीन अरण्य आहे. आपण ज्याला दर्याई नारळ म्हणतो, तो याच झाडांना लागतो. त्याच्या करवंट्या लाटांवरून आपल्या बाजूला येत, तेव्हा झाड नेमकं कुठे आहे याचा शेकडो वर्षं कुणाला पत्ता नव्हता. आज हे अरण्य पाहायला परदेशी पर्यटक तिकीट काढून येतात आणि त्या तिकिटांच्या पैशांतून अल्डाब्रा नावाचं प्रवाळबेट राखलं जातं. अल्डाब्रा राजधानीच्या माहे बेटापासून हजार किलोमीटरहून दूर आहे. तिथे हॉटेल नाही, वस्ती नाही. सुमारे लाखभर राक्षसी कासवं आहेत आणि संशोधन केंद्रातली मोजकी माणसं. दोन्ही जागतिक वारसा स्थळं, दोन्हींची व्यवस्था 1979 मध्ये स्थापन झालेल्या एकाच प्रतिष्ठानाकडे. ज्या जागी माणसं येतात तिने, जिथे माणसं सहज पोचू शकत नाहीत त्या जागेचा खर्च उचलावा, ही रचना मला फार आवडली. ती आजही आवडते.

दुसरं उदाहरण प्रशांत महासागरातल्या पलाऊचं. लोकसंख्या जेमतेम 18,000. या देशाने 2009 मध्ये परत जाणाऱ्या प्रत्येक पर्यटकावर 15 डॉलरचं हरित शुल्क बसवलं, 2012 मध्ये ते 30 डॉलर केलं आणि 2018 पासून विमानाच्या तिकिटातच 100 डॉलर पर्यावरण शुल्क घ्यायला सुरुवात केली. त्यातला ठरावीक वाटा संरक्षित क्षेत्रांच्या स्वतंत्र निधीला जातो.

ही दोन उदाहरणं समोर ठेवून मी हिंद महासागरातल्या एका संस्थेचा आराखडा केला. संस्थेचं नाव सांगत नाही. चूक तिची नव्हती. उत्पन्नाचे चार स्रोत मी सुचवले: प्रवेश तिकीट, हॉटेलच्या प्रत्येक रात्रीमागे छोटी आकारणी, स्कूबा-डायव्हिंगचा परवाना आणि माहिती केंद्रातलं दुकान. एका स्रोतावर विसंबू नये हे आम्हाला कॉलेजपासून शिकवलेलं असतं, ते मी पाळलं असा माझा समज होता. पण चारही पोहरे एकाच आडात सोडलेले होते. तिकीट काढणारा, हॉटेलात राहणारा, समुद्रात बुडी मारणारा आणि दुकानात वस्तू घेणारा माणूस एकच होता, आणि तो विमानाने येत होता.

हे मला कळायला हवं होतं, कारण इशारा मिळालेला होता. पलाऊचे तैवानशी राजनैतिक संबंध आहेत. त्या कारणावरून 2017 च्या अखेरीस चीनने आपल्या पर्यटकांचे गट तिकडे पाठवणं थांबवलं आणि पर्यटकसंख्या घसरली. पलाऊच्या समुद्रात किंवा प्रवाळात काहीच बिघडलं नव्हतं. निर्णय बीजिंगमध्ये झाला होता. ही बातमी माझ्या फाइलमध्ये होती. अंदाज बांधताना मी ती अपवादात्मक घटना ठरवली आणि सरासरीतून असली वाईट वर्षं वगळली. हिशेबाच्या भाषेत ते समर्थनीय दिसत होतं. माझ्या कामातली सगळ्यात गंभीर चूक मी हीच मानते, कारण संरक्षणाच्या निधीची परीक्षा वाईट वर्षातच होते आणि नेमकं तेच वर्ष मी कागदावरून काढून टाकलं होतं.

दुसरी चूक तिच्यातूनच निघाली. त्या संस्थेने वर्षभराचे पगार भागतील एवढी ठेव जपून ठेवली होती. उत्पन्न खात्रीचं आहे असं मी दाखवल्यावर ती ठेव पडून राहिलेला पैसा वाटू लागली. ती मोडून नवं माहिती केंद्र बांधा, पर्यटक वाढतील, असा सल्ला मी दिला. संस्थेच्या हिशेब पाहणाऱ्या बाईंनी बैठकीत विरोध केला. त्या म्हणाल्या, "पर्यटक आले नाहीत म्हणून चोरून मासे मारणारे थांबत नाहीत. बोट रोज निघालीच पाहिजे." त्यांचं वय, अनुभव, त्या समुद्राशी असलेलं नातं, सगळं माझ्यापेक्षा मोठं होतं. मी त्यांचं म्हणणं अहवालात बदलाबद्दलची स्थानिक भीती अशा मथळ्याखाली दोन ओळींत उरकलं.

मार्च 2020 मध्ये कोविडच्या साथीमुळे विमानं थांबली. चारही स्रोत एकाच आठवड्यात कोरडे पडले. सरकारकडे जावं तर तिजोरीही पर्यटनावरच भरत होती. मोठ्या देशात एक धंदा बसला तर दुसरा करभरणा करतो. छोट्या बेटावर तशी सोय नसते. शिवाय डिझेल आणि इंजिनाचे सुटे भाग आयात करावे लागतात. सेशेल्सचंच पाहा: तिथलं चलनही रुपयाच आहे, आणि डॉलरमागे 14 च्या आसपास असलेला तो त्या वर्षाअखेरीस 20 च्या पुढे गेला. उत्पन्न थांबलं आणि खर्च महागला, दोन्ही एकदम. जबाबदारी मात्र वाढली होती: त्याच मार्चमध्ये सेशेल्सने आपल्या सागरी क्षेत्राचा 30 टक्के भाग, म्हणजे चार लाख चौरस किलोमीटरहून जास्त समुद्र, संरक्षित जाहीर केला होता.

मी सल्ला दिलेल्या संस्थेत पगार अर्धे झाले, गस्त कमी झाली. कासवांच्या घरट्यांची मोजणी त्या हंगामात झाली नाही. पगार नंतर पूर्ववत झाले, पण सलग चालत आलेल्या नोंदींतलं ते वर्ष कायमचं रिकामं राहिलं. ते पैशाने भरून येत नाही. माहिती केंद्राची इमारत मात्र उभी होती.

कर्जाच्या बदल्यात संरक्षण या प्रकाराबद्दलही मी लोकांची दिशाभूल केली, जाणूनबुजून नव्हे, पण केली. सेशेल्सचं सरकार 2008 मध्ये कर्ज फेडू शकलं नव्हतं. पुढे 2016 मध्ये एका निसर्गसंरक्षण संस्थेच्या मदतीने त्याने 2.16 कोटी डॉलरचं जुनं कर्ज नव्याने बांधून घेतलं आणि त्या बदल्यात समुद्र राखण्याचं वचन दिलं. माझ्या प्रत्येक सादरीकरणात हा आकडा मोठ्या अक्षरांत असे, आणि ऐकणाऱ्यांना वाटे की एवढी रक्कम संरक्षणाला मिळाली. प्रत्यक्षात बहुतेक पैसा जुनी देणी चुकवण्यात गेला. सरकारच्या हप्त्यांतून संरक्षणाच्या कामांसाठी उरणारी रक्कम वर्षाला सुमारे 2.8 लाख डॉलर, आणि सुमारे दीड लाख डॉलर कायम निधीत, असं 20 वर्षं. मला ही रक्कम सांगायला छोटी वाटायची. तिचं खरं मोल मला उशिरा कळलं: ती पर्यटकांच्या संख्येवर ठरत नाही, कायद्याने स्थापन झालेल्या स्वतंत्र न्यासाकडे जाते आणि तिचा एक भाग मुद्दल म्हणून साठत राहतो.

आता मी आराखडा उलट्या बाजूने सुरू करते. एकही पर्यटक आला नाही तरी कोणता खर्च थांबवता येणार नाही, हे आधी मांडते. समजा तो वर्षाला 5 लाख डॉलर आहे. मुद्दलातून दरवर्षी 4 टक्केच काढायचे ठरवले, तर 1.25 कोटी डॉलरचा कायम निधी लागतो. एवढी रक्कम छोटा देश तिकिटं विकून उभी करू शकत नाही. ती बाहेरून, एकदा आणि बिनशर्त यावी लागते. तिकिटं, परवाने, शुल्क यांनी त्यावरची वाढीव कामं करावीत आणि चांगल्या वर्षात मुद्दलात भर घालावी.

देणगीदारांना असा निधी देणं आवडत नाही, कारण त्यावर पाटी लावता येत नाही, उद्घाटन करता येत नाही आणि तीन वर्षांत निकाल दाखवता येत नाही. आपल्याकडचे कितीतरी वाचक कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या समित्यांवर, बँकांत, न्यासांवर काम करतात. बेटांचा असो की आपल्या किनाऱ्यावरच्या कांदळवनांचा, संरक्षणाचा प्रस्ताव तुमच्यापुढे आला तर आधी वाईट वर्षाचा हिशेब मागा, आणि शक्य असेल तर इमारतीऐवजी मुद्दलाला पैसे द्या.