नऊ नांवें

बोलणें सोपें असतें. परंतु बोललेलें ऐकणाऱ्याच्या कानीं निर्मळ पोंचविणें किती कठीण आहे, हें मला गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत कळलें.

प्रत्येकानें आपल्या गांवची एक हकीगत स्वतःच्या आवाजांत ध्वनिमुद्रित करून आणावी, असें आमच्या गुरुजींनीं सांगितलें होतें. माझें गांव वडूज. तेथें हकीगत शोधावी लागत नाहीं. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखालीं कचेरीवर मोर्चा गेला. गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मे झाले. ती हकीगत मीं लिहून काढली व शेवटीं नऊही नांवें घातलीं.

बाहेरच्या खोलीचें दार लावून, मोबाइलला लहानसा माईक जोडून, मीं सारें एका दमांत वाचून टाकलें. आजीची दृष्टि अधू झाली आहे. तिलाच प्रथम ऐकविलें. ती म्हणाली, "आवाज तुजाच हाय रं, पर नांवं कुनाची घेतलीस ती कळंनात."

मला क्षणभर राग आला. परंतु हेडफोन लावून ऐकतांच तो ओसरला. विहिरींत वांकून बोलावें तसा माझा आवाज घुमत होता. मागें पंख्याची घरघर होती. "परशुराम" ह्या नांवाचा पहिला "प" तर फटाक्यासारखा फुटला होता! ज्यांनीं प्राण दिले त्यांचीं नांवेंही मला धड उच्चारतां येऊं नयेत, याची मोठी लाज वाटली.

मग मी कारण शोधूं लागलों. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर धांवतो. तीन मीटरांवरच्या भिंतीला लागून तो सेकंदाच्या सुमारें पन्नासाव्या भागांत परततो आणि पुढच्या अक्षरांत मिसळतो. फरशी, उघड्या भिंती, पत्रा हीं सारीं त्याला माघारीं धाडतात. पंख्याची एकसारखी घरघर संगणकानें बरीच कमी करतां येते. परंतु शब्दांत मुरलेला हा घुमारा काढणें फार अवघड. म्हणून तो मुळांतच होऊं न देणें बरें. १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणांत विजेचा माईक आला. तत्पूर्वीं गायकांना कर्ण्यापुढें मोठ्यानें गावें लागे. आजचा माईक कुजबुजही टिपतो. पण नको तेंही तितक्याच निष्ठेनें टिपतो.

आमच्या घरीं धान्याची एक अंधारी खोली आहे. ज्वारीच्या पोत्यांमध्यें मीं बैठक मांडली. पाठीमागें दोरीवर आजोबांचें घोंगडें टाकलें, समोर दोन वाकळा टांगल्या. लोकर आणि गोधडी ध्वनीला शोषून घेतात. रात्रीं शेवटची एस्टी गेल्यावर पंखा बंद केला. माईक तोंडापासून एक वीत दूर आणि किंचित् बाजूला ठेवला, म्हणजे "प"चा वारा त्यावर आदळत नाहीं. प्रथम अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित केली. तिच्यावरून मागाहून संगणकाला खोलीची बारीक गुणगुण ओळखतां येते. मग घोटभर पाणी पिऊन सावकाश वाचलें. प्रत्येक नांवापूर्वीं थोडा थांबलों. घामानें सदरा भिजला, तीन वेळां चुकलों, तीन वेळां पहिल्यापासून वाचलें.

सकाळीं आजीला पुन्हां ऐकविलें. ती डोळे मिटून बसली होती. नांवें सुरू होतांच एकेका नांवासरशी ती एकेक बोट मुडपूं लागली. नववें बोट मुडपल्यावर म्हणाली, "समदी आली."

शाळेंत माझ्या मुद्रणाला किती गुण मिळाले हें येथें सांगत नाहीं. वाचकहो, उत्तम यंत्र नसलें तरी चालतें. पण ज्यांचें नांव घ्यावयाचें त्यांच्यासाठीं आधीं आपल्या घरांत थोडी शांतता करावी लागते, एवढें मी त्या घोंगड्याआड शिकलों.