घरी कुणीतरी हवे

'देवमासा' हा शब्द मी गेली बावीस वर्षे समासाच्या तासाला फळ्यावर लिहीत आलो आहे. देवाचा मासा म्हणावे तर तत्पुरुष, देवासारखा मासा म्हणावे तर कर्मधारय; मुले वाद घालतात आणि तास सुखाने संपतो. एखाद्या वर्षी शास्त्र शाखेतून वाट चुकून आलेला एखादा विद्यार्थी मागल्या बाकावरून उठतो आणि म्हणतो, "सर, तो मासा नाहीच मुळी. तो सस्तन प्राणी आहे." मी सांगतो, "व्याकरणात तो मासाच आहे. बस खाली." असा हा प्राणी एक दिवस फळ्यावरून उतरून खऱ्या पाण्यात, माझ्यासमोर खरा श्वास सोडील असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पण २०२५ च्या जून महिन्यात तसे घडले खरे, आणि तेही थेट अलास्कात.

मराठीच्या प्राध्यापकाला अलास्का परवडत नाही, हे वाचकांना ठाऊक आहेच. हिचा थोरला भाऊ सिएटलला असतो. सुटीत त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने आमच्या हातात जहाजाची तिकिटे ठेवली. सात दिवसांची सफर. सिएटलहून उत्तरेला जायचे, बेटाबेटांमधून हिमनद्यांपर्यंत पोचायचे आणि परत यायचे. मी म्हणालो, "अहो, एवढा खर्च कशाला?" तर म्हणाला, "खोली सगळ्यांत स्वस्त घेतलीय, बिनखिडकीची. पण दोघं जा. एकत्र जा." त्या 'एकत्र' वर त्याने दिलेला जोर मला त्या वेळी समजला नाही.

आमच्या घराबद्दल थोडे सांगितल्याखेरीज पुढची हकिकत कळायची नाही. २०१६ साली माझ्या आईला पक्षाघात झाला. उजवे अंग गेले, पाठोपाठ वाचाही गेली. त्यानंतर सात वर्षे ती खाटेवर होती. माझे कॉलेज सकाळचे, हिची शाळा दुपारची, हे आमचे मोठेच भाग्य. दुपारी बारा वाजता आमची भेट होई ती दारात. मी चपला काढतो आहे आणि ही चपला घालते आहे! त्या दोन मिनिटांत संसाराचे काय बोलणार? म्हणून आईच्या खाटेच्या कठड्याला सुतळीने एक शंभर पानी वही बांधून ठेवली होती. 'सकाळी ८.१० – पेज घेतली. ९.०० – गोळी. १०.३० – कूस बदलली.' हे हिने लिहावे, त्याखाली मी लिहावे. सात वर्षांत अशा किती वह्या भरल्या असतील कोण जाणे. नवराबायकोंची पत्रे लोक जपून ठेवतात. आमचा पत्रव्यवहार हा असा.

रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोनची पाळी माझी, चारची हिची. लग्नाला एकाने जायचे, तर बारशाला दुसऱ्याने. आमच्या दोघांत काही बिनसले आहे, अशी कुजबुज सोसायटीत एकदा उठली होती म्हणे. बिनसायलासुद्धा दोघांनी एका वेळी एका जागी असावे लागते, हे त्या लोकांना कोण सांगणार? घराबाहेर पडताना आमच्या तोंडी एकच वाक्य असे, "तू जाऊन ये. घरी कुणीतरी हवं."

२०२३ च्या दिवाळीनंतर आई गेली. पुढल्या वर्षी मुलगी शिकायला बाहेरगावी गेली. घरी कुणी असायची गरज उरली नाही. ते वाक्य मात्र घरात राहिलेच.

ते आमच्याबरोबर जहाजावरही चढले आहे, हे पहिल्याच सकाळी उघड झाले. जहाज म्हणजे एक तरंगते गावच होते. दोन-अडीच हजार उतारू आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालणारे खाणे. आम्ही चहाचे पेले घेऊन खिडकीजवळ जागा धरली, तोच ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली की उजव्या बाजूला देवमासे दिसत आहेत. सगळे भोजनगृह उठले. मी हिला म्हणालो, "तू जाऊन ये. मी टेबल सांभाळतो." ही गेली. परत येऊन म्हणाली, "तीन कारंजी दिसली. आता तुम्ही जा." मी गेलो, तो समुद्र कोऱ्या पाटीसारखा. दुपारी मी डेकवर असताना काळ्या-पांढऱ्या रंगाची छोटी चपळ जलचरे जहाजाच्या लाटेत खेळून गेली. ही तेव्हा खोलीत कपड्यांच्या घड्या घालीत होती. मेव्हण्याने दिलेली दुर्बीण एकच; तीही आम्ही पाळीपाळीनेच वापरीत होतो.

संध्याकाळी मी हिच्या पिशवीत चष्मा शोधत होतो. हाताला एक लहानशी वही लागली. उघडून पाहतो तर हिच्या अक्षरात लिहिलेले, 'सकाळी ७.४० – उजव्या बाजूला कारंजी, तीन. दुपारी ३.१५ – काळी-पांढरी, पाच-सहा (यांनी पाहिली).' तोच रकाना, तीच रेघ, वेळेपुढे काढलेली तीच आडवी खूण. मी वही मिटून जागच्या जागी ठेवली.

त्या रात्री दोन वाजता मला जाग आली. बिनखिडकीच्या खोलीत इतका काळोख असतो की डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळत नाही. माझा हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे गेला. मग आठवले, कूस बदलायला इथे कुणी नाही. चार वाजता शेजारी हालचाल झाली. आता हिची पाळी होती. आम्ही दोघेही जागे होतो आणि दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून झोपेचे सोंग घेऊन पडून होतो.

दुसऱ्या दिवशी जूनो आले. हे अलास्काच्या राजधानीचे गाव. पण बाहेरून तिथे जाणारी एकही सडक नाही. पाठीशी डोंगर आणि हिमाचे मैदान, पुढे पाणी. यायचे ते बोटीने नाहीतर विमानाने. देवमासे दाखवायला नेणाऱ्या लहान बोटी तिथून सुटतात. एका माणसाचे तिकीट आपल्या पंधरा-सोळा हजार रुपयांच्या घरात होते. मी एकच काढले आणि धक्क्यावर मोठ्या उदारपणे हिच्या हाती दिले. "तू जाऊन ये. मी गावात फिरतो."

हिने तिकीट उलटसुलट पाहिले. मग शांतपणे विचारले, "घरी कोण आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही कुणासाठी थांबताय? घरी आता आहे कोण?"

बावीस वर्षे लोकांना भाषा शिकवणाऱ्या माणसाला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मी मुकाट्याने खिडकीकडे गेलो आणि दुसरे तिकीट काढले.

बोटीत तीसेक माणसे होती आणि माहिती सांगायला एक तरुण मुलगी. देवमाशांपासून निदान शंभर यार्ड दूर राहायचे, असा तिथला कायदा आहे. तेवढ्या अंतरावर नाखव्याने बोट थांबवली आणि सगळे गप्प झाले. मग पाण्यातून 'फूस्स' असा आवाज आला. आपल्याकडच्या वाफेच्या इंजिनाने दीर्घ उसासा टाकावा तसा. एक मोठी काळी पाठ वर आली आणि तिला चिकटून एक लहान पाठ. माय-लेकरू होते. जातीचे नाव हंपबॅक. पूर्ण वाढलेली मादी चाळीस-पंचेचाळीस फूट लांब असते. त्या मुलीने सांगितले, की यांची पिले हिवाळ्यात हवाई बेटांच्या उबदार पाण्यात जन्मतात. तिथे आईला खायला जवळजवळ काही मिळत नाही. काही महिने ती उपाशीपोटी पिलाला पाजते, मग त्याला बरोबर घेऊन हजारो मैल पोहत इथल्या थंड पण मासळीने भरलेल्या पाण्यात येते.

चार-पाच वेळा दोघांनी श्वास घेतला. मग आईने पाठीची कमान केली आणि शेपूट पाण्याबाहेर उचलले. काळे, रुंद, कडांवरून पाणी निथळणारे. त्याच्या खालच्या अंगावर पांढरी नक्षी होती. ती प्रत्येकाची निराळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी; संशोधक तिच्यावरूनच त्यांना ओळखतात. ते शेपूट सरळ पाण्यात उतरले आणि समुद्र मिटला. सारे मिळून चार-पाच सेकंद. मी हिच्याकडे पाहिले, हिने माझ्याकडे. दुर्बीण दोघांच्या मध्ये बाकावर तशीच पडून होती. देवमाशाचे शेपूट पाळीपाळीने पाहता येत नाही, हे मला त्या दिवशी कळले. ते एकतर दोघांना दिसते, नाहीतर दुसऱ्याला नुसते ऐकावे लागते.

परतताना त्या मुलीने आमचे गाव विचारले. मुंबईकडचे म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. "मग तुमच्या समुद्रात हे आहेतच की!" आम्ही चाट पडलो. अरबी समुद्रात हंपबॅकचा एक निराळा कळप आहे. ओमानच्या किनाऱ्यालगत त्यातले शंभराहूनही कमी उरले असावेत, असा अंदाज आहे. जगातले बाकीचे हंपबॅक उन्हाळ्या-हिवाळ्याला हजारो मैल जातात-येतात. हे मात्र बारा महिने अरबी समुद्रातच राहतात. तिथेच खातात, तिथेच विणीचा काळ काढतात. दादरच्या चौपाटीवर भेळ खाताना ज्या समुद्राकडे पाठ करून बसायचे, त्याच समुद्रात हे होते, आणि मी पृथ्वीला अर्धा वळसा घालून त्यांच्या भावकीला भेटायला आलो होतो.

मी ते सगळे हिला मराठीत नीट समजावून सांगितले. ही जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनाही कधी घर सोडता आलं नाही म्हणायचं."

त्यापुढचा दिवस ग्लेशियर बेचा. तिथे दिवसाला दोनच मोठी जहाजे सोडतात. सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रक्षक लहान बोटीतून येऊन शिडीने आमच्या जहाजावर चढले आणि माहिती सांगू लागले. अडीच-पावणेतीनशे वर्षांपूर्वी ही सगळी खाडी बर्फाने गच्च भरलेली होती. १८७९ साली जॉन म्यूर इथे आला, तोवर बर्फ चाळीस मैलांहून अधिक मागे सरले होते. आज ते पासष्ट मैल मागे आहे. जहाज हिमनदीच्या निळसर कड्यासमोर जाऊन थांबले. मध्येच एक मोठा कडा तुटून पाण्यात पडला. आधी तो पडताना दिसला, मग आवाज आला. तिथले मूळ रहिवासी ट्लिंगिट लोक त्या आवाजाला 'पांढरी मेघगर्जना' म्हणतात.

पण माझ्या मनात राहिले ते वेगळेच. जवळच जॉन्स हॉपकिन्स नावाची एक अरुंद खाडी आहे. तिच्यात मे ते ऑगस्ट मोठ्या प्रवासी जहाजांना जाऊ देत नाहीत. सीलच्या माद्या त्या दिवसांत तिथल्या तरंगत्या बर्फावर पिलांना जन्म देतात आणि पाजतात. जहाज जवळ आले की त्या घाबरून पाण्यात उड्या टाकतात, म्हणून. आम्ही तोंडापाशी थांबून लांबूनच पाहिले. ही म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीबाहेर आपण नाही का पोरांना दटावत, हळू बोला म्हणून!"

मला आमची सोसायटी आठवली. आई आजारी असताना गणपतीत मंडळाची मुले दरवर्षी न सांगता कर्ण्याचे तोंड आमच्या खिडकीवरून फिरवून रस्त्याकडे करीत. वरच्या मजल्यावरची बाई दुपारी मिक्सर लावायची नाही. त्या सात वर्षांत आम्ही दोघेच काय ते थांबून होतो, अशी माझी समजूत होती. आमच्या दारापाशी आणखी किती जण पाऊल हळू टाकीत होते, ते मी कधी वहीत लिहिले नव्हते.

त्या रात्री पुन्हा दोनला जाग आली. चारला शेजारी हालचाल झाली, तेव्हा मी दिवा लावला. ही उठून बसलेलीच होती. "वर जायचं?" मी विचारले. शाली गुंडाळून आम्ही डेकवर गेलो. त्या मुलखात जून महिन्यात चार वाजताच फटफटते. डोंगर, धुके आणि पाणी; एकही उतारू नव्हता. कठड्याला टेकून आम्ही बराच वेळ उभे राहिलो. काही दिसले नाही.

"मला बरं वाटतंय," ही हळूच म्हणाली, "आणि त्याचंच वाईट वाटतंय."

"मलासुद्धा," मी म्हणालो. सात वर्षांत आईबद्दल आम्ही एवढेसुद्धा बोललो नव्हतो.

घरी आल्यावर सामान लावताना ती छोटी वही पुन्हा हाताला लागली. या खेपेस मी ती चोरून नव्हे, हिच्यासमोरच उघडली. त्या पहाटेची नोंद होती, 'पहाटे ४.१० – काही दिसले नाही. दोघे.'