मोंबासाला जायचं तर दिवसाच्या गाडीने

नैरोबीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत सुट्टी जवळ आली की मोंबासाचा विषय निघतो आणि पाठोपाठ वाद सुरू होतो: जायचं कशाने? विमान तासाभरात पोचवतं. बस स्वस्त, पण वाट सुमारे 480 किलोमीटरची. बंदरातले कंटेनर वाहणारे ट्रक त्या रस्त्यावर रात्रंदिवस असतात आणि बराच रस्ता दुपदरी आहे. अर्ध्या वाटेवर म्तितो आंदेईला बस थांबते, लोक समोसे-चहा घेतात. पुढे पुन्हा ओव्हरटेक सुरू. आठ-दहा तास सहज जातात. मी तिन्ही मार्गांनी गेलो आहे आणि माझा कौल रेल्वेला आहे.

ही रेल्वे म्हणजे 2017 मध्ये सुरू झालेली मदाराका एक्स्प्रेस. चिनी कर्जातून, चिनी कंपनीने बांधलेली. तिच्या आधीची मीटरगेज गाडी रात्रभर रखडत जायची. नवी पाच-सहा तासांत पोचते. साधा डबा सुरुवातीला 700 शिलिंगांचा होता, 2024 पासून 1,500 झाला. तरी परवडतो.

स्टेशन मात्र शहराबाहेर, स्योकिमाउला, त्यामुळे घरातून लवकर निघावं लागतं. आत शिरण्याआधी सगळ्यांनी बॅगा जमिनीवर एका ओळीत ठेवायच्या आणि मागे सरायचं. मग पोलिसांचा कुत्रा एकेक बॅग हुंगत जातो. लहान मुलं श्वास रोखून बघत असतात. त्यानंतर यंत्रातून तपासणी, ओळखपत्र, तिकीट. विमानतळापेक्षा कमी कडक नाही.

सकाळची गाडी वाटेत थांबत जाते आणि तीच घ्यावी. खिडकी उजव्या हाताची मिळाली आणि आभाळ स्वच्छ असलं, तर किलिमांजारो दिसतो. मग त्सावोचं अभयारण्य लागतं. इथली माती तांबडी, आणि ती अंगावर उडवून घेणारे हत्तीही तांबडे. रुळांचा भराव उंच आहे. जनावरांना पलीकडे जाता यावं म्हणून खालून वाटा ठेवल्या आहेत. कळप दिसला की अख्खा डबा त्या बाजूच्या खिडक्यांशी गोळा होतो.

इथल्याच त्सावो नदीवर 1898 मध्ये जुन्या रेल्वेचा पूल बांधताना दोन सिंहांनी मजुरांना उचलून नेलं होतं. मजूर बहुतेक हिंदुस्थानातले. त्या रेल्वेसाठी तिकडून तीस हजारांवर माणसं आणली होती आणि सुमारे अडीच हजार इथेच मेली. नैरोबी वसली तीच 1899 मध्ये, रेल्वेचा तळ म्हणून. जुना लोहमार्ग खिडकीतून अधूनमधून दिसतो तेव्हा वाटतं, या माणसांची आठवण गाडीत दोन ओळींच्या पाटीने तरी ठेवायला हवी होती.

मोंबासाचं नवं स्टेशन मिरितिनीला, बेटाबाहेर आहे. तिथून मटाटूने, म्हणजे मिनीबसने, किंवा टॅक्सीने गावात जायला गर्दीच्या वेळी तास लागतो. विमानाशी तुलना करताना हा वेळ धरा.

डिसेंबरात आणि ईस्टरला तिकिटं फार लवकर संपतात, तेव्हा आधीच काढून ठेवा. परतीला रात्रीची गाडी चालेल, जाताना मात्र दिवसाचीच घ्या.