कडेचा गडी

फुटबॉलच्या खेळात ज्याला विंगर म्हणतात, त्याची किंमत ठरविणे दिसते तितके सोपे नाही. गोल करणाराचे गोल मोजता येतात, गोलरक्षकाने अडविलेले चेंडू मोजता येतात; पण मैदानाच्या कडेने धावणाऱ्या या गड्याचे निम्मे काम दुसऱ्याच्याच नावावर जमा होते. आमचा पुतण्या आकडे मांडून खेळाडूंची प्रतवारी लावतो. मी पडलो मास्तर! उत्तरपत्रिकांना गुण देण्यात उभा जन्म गेल्यामुळे गुणांच्या बेरजेवर माझी फारशी भिस्त नाही.

बोरीवलीहून लोकलने अंधेरीस उतरावे आणि तेथील क्रीडासंकुलात मुंबई सिटीचे सामने पाहावेत, हा छंद मला त्यानेच लावला. या संघाकडे 2022 च्या जानेवारीत लालियनझुआला छांगटे हा मिझोरामचा तरुण आला, आणि 2022–23 च्या हंगामानंतर देशातील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. लोक त्याच्या वेगाची वाखाणणी करतात. मला त्याची जागा अधिक मोलाची वाटते. हा गडी डावखुरा, पण खेळतो उजव्या बगलेला. त्यामुळे समोरच्या बॅकची पंचाईत होते. रेषेकडची वाट अडवावी, तर हा आत वळून डाव्या पायाने गोलाचा वेध घेणार. आतली वाट अडवावी, तर रेषेवरून पसार होणार! मग बॅकच्या मदतीस आणखी एकजण धावतो, आणि त्याने सोडलेल्या जागेत मुंबईचा दुसराच कोणी मोकळा सापडतो. ही जागा कोणाच्या खाती मांडावयाची?

परंतु वेग ही तारुण्याने दिलेली उसनवारी आहे. ती फेडावी लागतेच. ती फेडल्यावर गाठीस काय उरते, यावर विंगरचे खरे मोल अवलंबून असते. मणिपूरचा बिपिन सिंह 2018 पासून 2025 पर्यंत मुंबईकडे होता. 13 मार्च 2021 रोजी गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, एटीके मोहन बागानशी अंतिम सामना 1–1 असा अडला होता. 90 व्या मिनिटाला ओग्बेचेने दिलेला चेंडू त्याने जाळ्यात धाडला आणि मुंबईला अजिंक्यपद मिळाले. सारे थकलेले असताना कडेचा हा गडी कड सोडून ऐन वेळी मध्यावर हजर होता. ही किमया पायांची खास नव्हे, ती नजरेची. 4 मे 2024 रोजी कोलकात्यात मुंबईने मोहन बागानला 3–1 असे हरविले, तेव्हाही त्यांतला एक गोल त्याचाच होता.

इंग्लंडचा स्टॅन्ली मॅथ्यूज हा याच बगलेवरचा. युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा पहिला मान त्याला 1956 साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मिळाला. पहिल्या श्रेणीतला शेवटचा सामना तो 1965 मध्ये, पन्नाशी गाठल्यावर खेळला. पन्नाशीतला गडी विशीतल्या बॅकला धावण्यात हरवीत नसतो; तो त्याला फसवीत असतो.

छांगटेला 2027 साली तीस वर्षे पुरी होतात. अशा वेळी संघाचे चालक धावांची घटिका मोजू लागतात आणि नवा, ताज्या दमाचा पोरगा शोधतात. मला कोणी विचारलेच, तर मी सांगेन की, त्याच्या धावण्याकडे पाहू नका, थांबण्याकडे पाहा. चेंडू पायाशी असता क्षणभर थांबून दुसऱ्याला पुढे जाऊ देणे ज्याला साधले, तो विंगर मंदावला तरी संघाने हातचा सोडू नये.