विहारातल्या कपाटाला कुलूप कशाला?

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की शहरातल्या सुखवस्तू घरांत एकच चर्चा असते : मुलांना कोणत्या शिबिराला घालायचं? आमच्या बीबीत, लोणार तालुक्यातल्या या गावात, आपल्या वस्तीतल्या मुलांपुढे हा प्रश्नच येत नाही. कुणी आईबापामागे वीटभट्टीवर जातं, कुणी मामाच्या गावाला, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत घरीच. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते. तोवर दीड-दोन महिने बहुतेकांच्या घरात वाचायला काहीच नसतं.

दोन वर्षांपूर्वी शाळा उघडल्यावर चौथीत गेलेली एक मुलगी आमच्याजवळ वाचायला बसली. मार्चमध्ये धडा सलग वाचणारी ही पोरगी आता बोट ठेवून अक्षराला अक्षर जोडत होती. समाजशास्त्रात एम.ए. करताना विषमता आम्ही पुस्तकांतून शिकलो. त्या दिवशी ती आमच्यासमोर बसली होती.

"यांच्या घरी वातावरणच नाही," असं म्हणून हा विषय संपवला जातो. आम्हाला ते मान्य नाही. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात कार्ल अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी १९८२ पासून मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. शाळा चालू असताना गरीब आणि सुखवस्तू मुलांची प्रगती जवळपास सारखीच दिसली. दरी वाढत होती ती सुट्यांत. या निष्कर्षावर पुढे वादही झाले. पण फ्लोरिडात रिचर्ड ॲलिंग्टन यांच्या गटाने गरीब मुलांना सलग तीन उन्हाळे, दर वर्षी १२ पुस्तकं दिली, तीही मुलांनी स्वतः निवडलेली. पुस्तकं न मिळालेल्या मुलांपेक्षा ही मुलं वाचनात पुढे गेली. म्हणजे खोट मुलांच्या बुद्धीत नाही. पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

आणि आमच्याकडे पुस्तकं नव्हती का? होती. विहारात कपाट होतं. १४ एप्रिलला मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन झालं, फोटो निघाले, दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. किल्ली आमच्याच खिशात. कारण काय, तर "पोरं फाडतात."

गेल्या वर्षी सुट्या लागताच कुलूप काढलं, तेव्हाही पहिली चूक आमचीच. मुलांना गोल बसवून बाबासाहेबांचे खंड वाचून दाखवायला लागलो. चौथ्या दिवशी तीनच मुलं उरली. मग चित्रांची, गोष्टींची पातळ पुस्तकं सतरंजीवर पसरली. वेळ सकाळी सात ते नऊ, ऊन चढायच्या आत. हवं ते उचला, कुणी प्रश्न विचारणार नाही. मुलं परत आली.

तीच मुलगी एक पुस्तक छातीशी धरून म्हणाली, "सर, घरी नेलं तं चालते का?"

आम्ही क्षणभर अडखळलो. मग "ने" म्हणालो. आठ दिवसांनी पुस्तक परत आलं : कोपरा फाटलेला, पानावर हळदीचा डाग. तिची आजी निरक्षर. रोज रात्री ती आजीला वाचून दाखवत होती. शाळा उघडल्यावर तिचा पहिला नंबर आला, असं काही घडलं नाही. पण ती बोट न ठेवता वाचत होती.

बाबासाहेबांच्या हातात पुस्तकं कशी आली, ते आठवा. रामजीबाबांनी लेकींचे दागिने गहाण ठेवून ती आणली. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा विद्यार्थी कृष्णाजी अर्जुन केळुस्करांनी हेरला, त्याला पुस्तकं पुरवली आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. बाबासाहेबांनी पुढे पुस्तकांसाठी राजगृह बांधलं. त्यांचे अनुयायी म्हणवणारे आम्ही मात्र किल्ली सांभाळत बसलो.

म्हणून तरुण मित्रांनो, मागणं साधं आहे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा खर्च थोडा कमी करा आणि मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं घ्या. सुट्यांत विहार रोज दोन तास उघडा ठेवा. निवड मुलांची, नोंदवहीत नावही मुलांनीच लिहायचं. भट्टीवर निघालेल्या घराच्या पिशवीत चार पुस्तकं टाका. फाटलं तर दंड नको, डिंक आणा.

बुद्धपौर्णिमा सुट्यांतच येते. त्या दिवशी वंदना झाल्यावर आधी कपाटाचं कुलूप काढू या.

जय भीम!