बाहेरकाठा

दहिसरच्या पश्चिमेला आज जिथे तिवरांचं रान दिसतं, तिथे आमचं भात पिकायचं. हे सांगितलं की नातवंडं हसतात. म्हणतात, "आजोबा, खाडीत कुठे भात होतं का?"

खाडीत नाही, खाडीला अडवून होतं. आमची जमीन खार. मनोरीच्या खाडीला भरती आली की पाणी आमच्या खाचरांच्या वर चढायचं. मधे उभा असायचा एकच मातीचा बांध. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणायचो. आतले बांध ज्याचे त्याचे, बाहेरकाठा मात्र सगळ्यांचा.

बांधात एक लाकडी दार असायचं, त्याला उघाडी म्हणत. भरतीच्या रेट्याने ते आपसूक बंद व्हायचं आणि ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याने उघडायचं. पहिले पाऊस जमिनीतलं मीठ धुवायचे आणि ते पाणी उघाडीतून खाडीला जायचं. मीठ उतरलं की मग मोड आलेलं भात खाचरात फेकायचं. हीच रहूची पेरणी. खारीत नांगर घालायचा नाही, असं म्हातारी माणसं बजावायची. पीक रात्याचं. तांबडा तांदूळ, भाकरीला गोड.

बाहेरकाठ्याचा मोठा वैरी म्हणजे चिंबोरी. लाट समोरून येते, ती दिसते. चिंबोरी बांधाच्या पोटात बीळ करते. त्यातून आधी बोटाएवढी धार लागते, मग मनगटाएवढी, आणि उधाणाच्या रात्री बघता बघता खांड पडते. म्हणून अमावास्या-पुनवेला बांधावर राखण असायची. घरटी पाळी ठरलेली. ज्याची जमीन जास्त, त्याने माणसं जास्त द्यायची. खांड पडलीच तर हाक जायची आणि सगळा गाव ओहोटीच्या वेळात चिखलाच्या ढेपा हातोहात देऊन ती बुजवायचा. तिथे भाऊबंदकीची भांडणं चालायची नाहीत. ज्याच्याशी बोलणं बंद, त्याच्याही हातातून ढेप घ्यावी लागायची.

दहिसर १९५७ साली मुंबईच्या हद्दीत गेलं, तरी आमच्या लहानपणी गाव गावच होतं. दहावी झाल्यावर मी कंपनीत लागलो. हातात पगार येऊ लागला तशी राखणीची रात्र जड वाटायला लागली. मी काकांना म्हटलं, "माझ्या पाळीचे पैसे घ्या आणि माणूस लावा." काकांनी पैसे घेतले, पण म्हणाले, "बांधाला पैशे कळत नाय रं." मी हसलो. पुढच्या वर्षी आणखी दोघा-तिघांनी माझंच बघून पैसे दिले.

१९८३ च्या श्रावणातली अमावास्या. पाळी माझी होती. मी ओव्हरटाइमला थांबलो आणि लावलेला माणूस आलाच नाही. तो आला की नाही, हे मी विचारलंही नव्हतं. पहाटे घरी पोहोचलो तर खाडी शेतात. ज्या जागी खांड पडली, तिला लागून शेजारच्या काकूंची वीस गुंठे जमीन. नवरा वारलेला, पदरात दोन मुली. पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं होतं. काकू मला शिव्या देतील असं वाटलं होतं. त्या एवढंच बोलल्या, "बाबा, तू असतास तर निदान हाक तरी मारली असतीस."

खांड बुजवायला जेमतेम चौदा माणसं आली. ज्यांनी जमिनी विकल्या ते कशाला येतील? आणि ज्याने विकत घेतली त्याला भात नकोच होतं. खारं पाणी एकदा शिरलं की जमीन गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात. ते पुरे व्हायच्या आत दुसरी खांड पडली. ती कोणी बुजवली नाही. काकूंनी जमीन दिली, मग आम्हीही दिली.

माझी आत्या पेणकडे दिलेली. तिकडेही खारच. गावकी मिळून बांध राखायची, त्याला ते जोळ म्हणत. गोव्यातही खाजणं आहेत. तिथे उघाडीला मानस म्हणतात. मानशीवर मासे धरायचा लिलाव करायचा आणि तो पैसा बांधाला लावायचा, अशी तिथली जुनी रीत. आपल्याकडे खारजमिनींसाठी १९४८ साली कायदा झाला, मग १९७९ साली दुसरा आला. सरकारी योजनेतून मोठे बांध झाले, ते लागतच होते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने मीठ सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या, त्याही उपयोगाच्या. पण आत्याचा मुलगा म्हणतो ते खरं, "बांध सरकारचा झाला, तशी जोळ मोडली. आता बीळ बघायला जायचं कोणी?" यंत्राने घातलेल्या बांधालाही रात्री फिरणारं माणूस लागतंच.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी दहिसर नदीचं पाणी घरांत शिरलं. नदी वरून, नॅशनल पार्कातून, तुळशी तलावाच्या बाजूने येते आणि खाली मनोरीच्या खाडीला मिळते. भरती असली की पाणी तुंबतं. पूर्वी ते पसरायला खाचरं होती, आता भिंती आहेत. तिवरांवर माझा राग नाही, तीही किनारा धरून ठेवतात. २०१८ साली उच्च न्यायालयाने ती तोडायला बंदी केली ते बरंच झालं.

मुंबईच्या चार नद्यांसाठी 'रिव्हर मार्च' म्हणून लोक चालले, तेव्हा मीही दहिसर नदीच्या काठाने चाललो. बरोबरच्या एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "आजोबा, तुमची इथे जमीन आहे का?"

"होती. विकली."

"मग तुम्ही कसे आलात?"

मी म्हटलं, "पोरी, माझी एक पाळी चुकलीय." तिला ते कळलं नाही, आणि चालता चालता सांगण्यासारखंही नव्हतं. म्हणून इथे लिहिलं. ज्यांची जमीन अजून बांधाच्या आड आहे, त्यांनी वर्गणी जरूर द्यावी. पण पाळीला स्वतः जावं. आपलं शेत राखायला नसेल, तर शेजारच्याला हाक मारायला तरी.